खाडा

१
‘फ्री कॅन्सलेशन’ हिरव्या अक्षरांत होते. बाकीचे राखाडी.

२
हिशेब आधी लिहून ठेवतो. नंतर चिडलो की आकडे फुगतात.
कार्डावरचे पॉइंट २६,१४०. तीन वर्षांची पुंजी: पेट्रोल, किराणा, मुलीच्या क्लासची फी, एक फ्रिज. गोव्यात दोन रात्रींची खोली २४,००० पॉइंटांना. वर कर म्हणून रोख २,३६० रुपये. पॉइंट वापरले म्हणून फी ९९ रुपये, फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. फुकटच्या खोलीचे येथवर २,४७६ रुपये ८२ पैसे झाले.
घरी सांगितले, फुकट आहे. ही म्हणाली, “मग पावती एवढी लांब कशाला?”

३
निघायच्या चार दिवस आधी पडघ्याचे थोरले काका गेले. दहा दिवसांचे सुतक.

४
‘रद्द करण्याचे कारण निवडा.’ पर्याय चार: योजना बदलली. दुसरीकडे स्वस्त मिळाले. चुकून बुक केले. इतर.
‘इतर’वर बोट ठेवले तर खाली रकाना उघडला, शंभर अक्षरांचा. काका कोण होते ते शंभर अक्षरांत बसेना. मागे आलो आणि ‘योजना बदलली’ निवडले.

५
परत काय आले: एका रात्रीचे १२,००० पॉइंट दंडात गेले, कारण सात दिवसांच्या आत रद्द केले. दुसऱ्या रात्रीचे १२,००० परत आले. त्यांतल्या ९,००० ची मुदत मधल्या काळात संपली होती. ते खात्यावर आले त्या क्षणीच गेले. एका ओळीत जमा, खालच्याच ओळीत वजा, तारीख एकच. करातले १,१८० रुपये परत. ९९ रुपयांची फी परत नाही, तिच्यावरचा जीएसटीही नाही.
मग ते हिरवे ‘फ्री’ काय होते? ते रोख पैसे भरून घेतलेल्या खोलीसाठी. पॉइंटवाल्यांचे कलम वेगळे.

६
नियम व अटी अंगठ्याने सरकवत मोजल्या. सदतीस वेळा सरकवावे लागले. आपले कलम एकतिसाव्याला.

७
फोनवरची मुलगी मराठी बोलणारी निघाली. बहुधा विदर्भातली.
“सर, पॉइंट म्हणजे कॅश नसते.”
“मग दंड कशाचा घेतला?”
“पॉइंटचा, सर.”
तिने ‘सर’ इतक्या मायेने म्हटले की भांडता आले नाही.

८
भिवंडीत कल्याण रोडला एका बिशीच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहिलेले आहे. बिशी म्हणजे लूमवर काम करणाऱ्यांची खाणावळ. भिवंडीबाहेरच्यांना हा शब्द ऐकला की चिठ्ठ्या टाकून पैसे उचलायची भिशी आठवते. फलक हिंदीत आहे, पण मधला मुख्य शब्द आपला आहे, खाडा, म्हणजे न जेवलेल्या वेळेची वजावट: खाडा आदल्या रात्री सांगा. एका वेळेचा खाडा धरला जाणार नाही. सणाच्या दिवशी खाडा नाही. वाद घालू नका.
चार ओळी. नळासमोरच लिहिल्या आहेत. हात धुताना वाचल्याशिवाय सुटका नाही.

९
बिशीवाल्याला विचारले, सगळे आठवणीने खाडा सांगतात का? “निम्मे विसरतात. त्यांच्यावरच तर डाळ घट्ट होते.”

१०
कंपन्यांच्या हिशेबात न सांगितलेल्या खाड्याला ब्रेकेज म्हणतात. १ एप्रिल २०१८ पासून आपल्याकडे इंड-एएस ११५ हे लेखामानक लागू आहे. त्याप्रमाणे ग्राहकाला दिलेला पॉइंट हे कंपनीच्या डोक्यावरचे देणे. विक्रीच्या पैशातला काही भाग त्या पॉइंटापोटी बाजूला धरायचा आणि पॉइंट वापरला गेला की मग उत्पन्नात घ्यायचा. पण काही पॉइंट कोणी कधीच वापरणार नाही, याचाही अंदाज बांधायचा आणि तो हिस्साही रीतसर उत्पन्नात धरायचा.
म्हणजे फोनवरच्या मुलीला जे ‘कॅश नसते’ ते ताळेबंदात रुपयांत लिहिलेले असते. माझे ९,००० कोणत्या ओळीत गेले असतील, हे शोधायचा मोह होतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या लिहिल्या आहेत.

११
आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, भजी, फार तर खिचडा. राहायचे असते ते लॉज. गोव्याच्या खोलीचे काकूला सांगत होतो तर तिने विचारले, “हॉटेलात झोपू देतात?”

१२
थोडा इतिहास. १८९६ मध्ये अमेरिकेत एस अँड एच कंपनीची हिरवी तिकिटे निघाली. दुकानात खरेदी करा, तिकिटे मिळवा, पुस्तिकेत चिकटवा, पुस्तिका भरली की वस्तू न्या. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना माइल वाटायला सुरुवात केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी तोच धडा गिरवला.
तिकिटांचा रंग हिरवाच होता, याची नोंद.

१३
धामणकर नाक्याजवळच्या सोनाराची योजना: अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा. मध्येच थांबलात तर बारावा नाही. हे पहिल्या दिवशी, पहिला हप्ता घ्यायच्या आधी, चहा पाजून सांगतात.

१४
साखळीत तिघे असतात, हे मला उशिरा कळले. पॉइंट बँकेचे. बुकिंग एका प्रवासी संकेतस्थळाचे. खोली हॉटेलाची. रद्द करण्याचे नियम तिघांचे तीन आणि प्रत्येकाच्या नियमात उरलेल्या दोघांकडे बोट.
कुठे कुठे कापतात त्याची मी जमवलेली माहिती अशी. परत आलेल्या पॉइंटांना नवी मुदत मिळत नाही, जुनीच चालू राहते. रोख भाग आणि पॉइंट भाग यांना वेगवेगळे नियम असतात, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसतो तो रोखीचा. उशिरा रद्द केले तर काही ठिकाणी पॉइंट जातात; काही ठिकाणी पॉइंट इमानदारीने परत येतात आणि कार्डावर एका रात्रीचे रोख भाडे पडते. हे दुसरे जास्त वाईट, कारण ते महिन्याच्या बिलात कळते. तारीख एक दिवसाने पुढे ढकलणे म्हणजे बदल नव्हे. जुने रद्द आणि नवे बुकिंग, दोन्ही त्या दिवसाच्या भावाने.
भाव. हिल्टनने २०१७ मध्ये आणि मॅरियटने २०२२ मध्ये पॉइंटांचे ठरलेले दरपत्रकच काढून टाकले. आता खोलीचा पॉइंटांतला भाव मंडईतल्या कोथिंबिरीसारखा रोज हलतो. तीच खोली रद्द करून पुन्हा घ्यायला गेलात तर जादा पॉइंट. या दंडाचे कलम एकतिसाव्या सरकवणीतही नाही, कारण तो दंड आहे असे कोणी म्हणतच नाही.

१५
विसारपावतीतले जुने कलम: घेणारा फिरला तर विसार बुडाला. देणारा फिरला तर दुप्पट परत.

१६
ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. नियम ४, पोटनियम ८. आशय असा: ग्राहकाने खरेदी पक्की केल्यावर ती रद्द केली म्हणून कंपनीला शुल्क लावता येणार नाही; कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तीही तसेच शुल्क सोसत असेल तरच लावता येईल.
पोटनियम ९: संमती ग्राहकाने स्वतः द्यायची, आधीच बरोबरची खूण केलेले चौकोन चालणार नाहीत.
माझ्या बुकिंगात खूण मीच केली होती. मान्य.

१७
पुतण्या माणकोलीच्या एका गोडाऊनात ‘रिटर्न’ला आहे. देशभर लोकांनी ऑनलाइन मागवून रद्द केलेले, नाकारलेले, घालून बघून परत केलेले कपडे त्याच्या टेबलावर येतात. खोका उघडायचा, वास घ्यायचा, टॅग बघायचा, ठीक असेल तर पुन्हा घडी. “काका, लग्नाची शेरवानी परत आली होती. खिशात अक्षता.”
ग्राहकाला पूर्ण पैसे मिळाले.

१८
लूमवाल्याची गोष्ट उलटी. पन्नास ताग्यांचा सौदा तोंडी होतो. बाजार पडला की व्यापाऱ्याला कापडात डाग दिसू लागतात. माल परत. सूत लागले, वीज लागली, मजुरी दिली. रद्द करण्याचे शुल्क? शेठ हसले. “उलट पुढच्या सौद्यात वटाव वाढवून मागतो.”

१९
भारतीय करार कायदा १८७२ चा. कलम ७४ सांगते की करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळायची ती तिच्या आतली वाजवी भरपाई. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले. दिल्लीतल्या एका मालमत्तेचा सौदा होता. विक्रेत्याने आधी घेतलेल्या २५,००० पैकी जप्त करण्याजोगे मानले गेले ते विसाराचे १,००० तेवढे.
२४,००० हा आकडा इथेही निघाला. योगायोग.

२०
नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने रद्द तिकिटांचे दर वाढवले तेव्हा लोक ओरडले होते. स्लीपरचे पक्के तिकीट गाडीच्या ४८ तास आधी रद्द केले तर १२० रुपये. त्यानंतर १२ तासांपर्यंत भाड्याच्या २५ टक्के. पुढे ४ तासांपर्यंत ५० टक्के. जास्त होते. पण तिकीटखिडकीवरच्या अण्णांना तोंडपाठ होते.

२१
३ ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रकातून, माझ्या शब्दांत: हॉटेलची खोली रद्द केल्याचे शुल्क हा खोलीशी जोडलेल्या सेवेचाच मोबदला, म्हणून खोलीला जो कराचा दर तोच त्या शुल्काला. घराच्या सौद्यातला विसार जप्त झाला तर त्यावर मात्र जीएसटी नाही.
न झोपलेल्या खाटेवर कर आहे, न घेतलेल्या घरावर नाही.

२२
मुलीने विचारले, “बाबा, पॉइंट एक्स्पायर का होतात? त्यांत दूध असतं का?”

२३
१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. माइल्स मात्र जिवंत राहिले. त्याच वर्षी योजनेने इंटरमाइल्स असे नवे नाव घेतले, आणि ज्या कंपनीचे विमान उरले नव्हते तिच्या प्रवासाचे माइल्स देऊन हॉटेलची खोली घेता येत होती.
माझ्याकडे उलटे. बँक ठणठणीत आहे.

२४
मंगल कार्यालयाच्या पावतीमागे, जांभळ्या शिक्क्यात: ‘लग्न मोडल्यास डिपॉझिट परत नाही. तारीख बदलल्यास एकदाच माफ.’
‘एकदाच माफ’ मधला माणूस मला भेटायला आवडेल.

२५
३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फसव्या मांडणीचे तेरा प्रकार. खोटी घाई. टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे. नाही म्हणणाऱ्याला लाजवणे. भाव थेंबाथेंबाने सांगणे, ज्याला ते ड्रिप प्रायसिंग म्हणतात. आपल्याकडे ठिबक म्हटले की अजून डाळिंबच आठवते.
यादी दोनदा वाचली. राखाडी अक्षरे हा चौदावा प्रकार नाही. पण महत्त्वाची माहिती दबून जाईल अशी पडद्याची रचना करणे हे ‘इंटरफेस इंटरफिअरन्स’ या नावाखाली येते. राखाडीला तिथे जागा मिळू शकेल. भांडायला वकील हवा.

२६
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, ‘अनुचित करारा’ची व्याख्या. सहा प्रकार. त्यांतला दुसरा: समोरच्याचे जेवढे नुकसान झाले त्याच्या मानाने अगदीच अवाच्या सवा दंड.
या मुद्द्यावर करारालाच आव्हान द्यायचे तर ठाण्याच्या जिल्हा आयोगात नव्हे, थेट राज्य आयोगात जावे लागते. बारा हजार पॉइंटांसाठी. बँकेच्याच दराने पॉइंटाला पंचवीस पैसे, म्हणजे तीन हजार रुपये. अंजूरफाट्याची वाहतूक धरता एक दिवस पूर्ण.

२७
कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून: मुक्कामाच्या किमान ७२ तास आधी बुक केलेली खोली, बुकिंगनंतरच्या २४ तासांत रद्द केली तर दंड नाही. कायदाच आहे.
काका तिथेही चार दिवस आधी गेले असते तर उपयोग नव्हता. मी दोन महिने आधी बुक केले होते.

२८
कार्ड बंद करायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे, थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावे लागते. नाही केले तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. या वहीत दंड आपल्या दिशेने येणारी ही एकच नोंद.
अर्ज केला. पाचव्या दिवशी गोड आवाजात फोन: कार्ड बंद केलेत तर उरलेले पॉइंट जातील, सर.
अर्ज मागे घेतला. माणूस असाच असतो.

२९
१९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार मराठीत सांगता आली. क्रमांक मिळाला. अकरा दिवसांनी कंपनीचे उत्तर आले: नियम व अटींनुसार.

३०
तेराव्याला काकू म्हणाली, “तुमचं गोव्याचं राहिलं रे. ह्यांना सांगून जाता आलं असतं तर आठवडाभर आधी सांगितलं असतं. सवयच होती. खानावळीत एक खाडा बुडवला नाही माणसाने.”
काका १९७० च्या दशकात भिवंडीत एकटे राहत. हे मला माहीत नव्हते.

३१
वसईच्या मोहिमेवर निघालेल्या चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता: किल्ला मिळाला तर मंदिर बांधीन. १७३९ ला वसई पडली, मंदिर उभे राहिले. काम आधी, पैसे नंतर.

३२
मार्चच्या सुरुवातीला काकूला घेऊन वज्रेश्वरीला गेलो, तिथून अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर. लॉजवाल्याने आधार कार्डाची झेरॉक्स घेतली आणि म्हणाला, “रूम बघा. नाही पटली तर अर्ध्या तासात चावी द्या, काही घेणार नाही. चहा मागवलात तर चहाचे.”
रूम यथातथाच होती. राहिलो. काकूने चहा मागवला.

३३
पॉइंट शिल्लक ५,१४०. मुदत ३१ मार्च. बँकेच्या कॅटलॉगमध्ये सगळ्यांत स्वस्त वस्तू कॉफीचा मग, ५,५०० पॉइंट. रंग राखाडी.